बाबलीच्या पुढल्या खेळाचा कौल

मी डिचोलीजवळच्या एका देवळात अडतीस वर्षं पुजारी आहे. एवढ्या वर्षांत लोकांनी देवाला विचारायला काय काय प्रश्न आणले ते सांगितलं, तर तुम्ही देवाची नाही, माझी कीव कराल. विहीर इथं खणू का, मुलगी मडगावला देऊ का, सुटलेली म्हैस नदीपलीकडे गेली का. एकाने तर आपला राग आपण कमी करावा का, असं विचारलं होतं. देवाने नाही म्हटलं. तो अजून रागातच असतो आणि वर देवाचं नाव सांगतो.

पद्धत साधी आहे. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. उत्तरं दोनच, आणि एकदा मिळालं की त्याच्याबाहेर जायचं नाही. तासभर कुठलीच पाकळी हलली नाही तर मी माणसाला घरी पाठवतो. काही प्रश्नांवर बोलायचा देवालाही कंटाळा येत असणार, असं माझं मत आहे.

त्या सोमवारी बाबली गवस आला.

बाबली मूळचा दोडामार्गाकडचा. विशीत टिपर, म्हणजे खाणीवरचा मालट्रक, चालवायला डिचोलीत आला आणि इथलाच झाला. त्याची बोली मालवणी, माझी कोकणी, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात दोन्हींचं कडबोळं झालंय. अठ्ठावीस वर्षं त्याने खाणीवरून नदीच्या धक्क्यावर माल ओढला. टिपराच्या दारावर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'प्रवासी घेऊ नये'. कंपनीचा नियम होता, आणि बाबली नियमाचा इतका पक्का की त्याची बायको सुमन भर उन्हात बाजाराच्या पिशव्या घेऊन चालताना दिसली, तर तो हॉर्न द्यायचा आणि धुरळा उडवत पुढे जायचा. सगळा वाडा, म्हणजे आमची वस्ती, हे बघायचा. सुमन पदराने तोंड पुसायची आणि चालत राहायची.

२०१८ साली खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. टिपर अंगणात उभा राहिला आणि बाबली सोप्यावर बसला. पहिल्या बंदीत तो दिवसभर सगळ्यांना शिव्या द्यायचा, त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही बरं वाटायचं. या खेपेला शिव्यासुद्धा थांबल्या. सकाळी चहा, दुपारी शीत-कढी, संध्याकाळी परत चहा, आणि मधे शब्द नाही. फोंड्याला दिलेली त्याची मुलगी रूपाली चवथीला माहेरी आली, बापाची ही दशा बघून गेली, आणि पुढच्या फेरीला नवऱ्याचं जुनं प्लेस्टेशन आणून टीव्हीला जोडून गेली. सोबत एकच खेळ होता.

त्या खेळाचं इंग्रजी नाव मला कधी उच्चारता आलं नाही. वाड्यावर त्याला काळ्या किल्ल्याचा खेळ म्हणायचे. त्यात एक माणूस तलवार घेऊन किल्ल्यात शिरतो आणि मरतो. परत उठतो, चार पावलं जास्त जातो, परत मरतो. रूपालीच्या नवऱ्याने तो आठ दिवसांत टाकून दिला होता. बाबलीला मात्र तो बरोबर मानवला. भरलेली गाडी चढणीवर मागे घसरली तर चिडायचं नाही, पहिल्या गिअरात परत घालायची, एवढंच तर त्याने जन्मभर केलं होतं.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्याच्या घरातून "मेलंय", म्हणजे मालवणीत मी मेलो, असा आवाज आला. शेजारचा गोकुळदास पाण्याचा तांब्या घेऊन धावला आणि फीट आली असेल म्हणून त्याची बायको मागून कांदा घेऊन धावली. बाबली टीव्हीसमोर धडधाकट बसलेला होता. ती दोघं अंगण ओलांडून घरी पोचेपर्यंत आतून परत "मेलंय". मग ते रोजचंच झालं. पुलावरच्या राखणदाराने त्याला दोनशे अकरा वेळा मारलं, हा आकडा वाड्यावरच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. लोक रस्त्यात विचारायचे, "बाबल्या, आज किती?" आणि बाबली उत्तर द्यायचा. गप्प झालेला माणूस बोलायला लागला होता, म्हणून मी त्या खेळाला कधी नावं ठेवली नाहीत. फक्त आरतीच्या घंटेत ते "मेलंय" मिसळायचं, ते काही बरं नव्हतं.

अकरा महिन्यांनी किल्ला पडला. आणि सोमवारी बाबली देवळात, चेहरा असा की घरातलं कुणी गेलं.

"भटजी, खेळ संपलो," तो म्हणाला. "आता दुसरो घेवचो लागतलो. बाजारातल्या गौरवीन दोन बघूक दिल्यान हत. आयतवारी एक ठेवचो, दुसरो परत करूचो."

गौरवीचं डिचोलीच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वापरलेले खेळ ती बदलून देते.

"कसले ते दोन?" मी विचारलं.

"एक लय कठीण. नुसती मारामारी. बोलणा-चालणा काय नाय. गौरवी म्हणता, काळ्या किल्ल्याच्या तिप्पट मरतलास." हे सांगताना त्याच्या तोंडावर तरतरी आली. "दुसरो सात गावांचो. तेच्यात एक सोंग घेवचा, गावोगाव फिरूचा, लोकांशी बोलूचा, खरा सांगूचा की खोटा तां ठरवूचा. मराक सहसा कोण मरत नाय म्हणे."

"मागीर तोच घे मरे."

"मरनाच नाय तर तो खेळ कसलो, भटजी?"

त्याला दोन्हींतला एक निवडून हवा होता. मी सांगितलं की देव दुकानदार नाही, त्याला होय किंवा नाही एवढंच विचारता येतं. बाबलीने डोकं खाजवलं, खांबाला टेकून बराच विचार केला आणि म्हणाला, "मगे असा विचारा, माझो पुढलो खेळ कठीण असूक होयो काय."

माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं की प्रश्न लहान की मोठा हे पुजाऱ्याने ठरवायचं नाही. मी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. खाण बंद पडून घरी बसलेल्या या तुझ्या लेकराचा पुढला खेळ कठीण असावा असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे म्हाराजा. मागून "होय म्हाराजा" म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. उजवी पाकळी टपकन पडली. विहिरीसाठीसुद्धा एवढ्या लवकर पडत नाही. बाबली खुशीत घरी गेला.

मंगळवारी सुमन आली. हातात अनंताची चार फुलं आणि इकडे तिकडे बघणं. कोणी नाही याची खात्री करून ती म्हणाली, "भटजी, माका देवाक एक विचारूचा आसा. ह्येंका सांगू नकात."

"ह्येंचो पुढलो खेळ माणसांचो असूक होयो," सुमन म्हणाली. "बोलणाऱ्या माणसांचो. तसो होयो काय, तां विचारा."

"खेळटा तो. तुका कितें पडलां?"

तिने फुलं पायरीवर ठेवली आणि खालीच बसली. "काळ्या किल्ल्यात एक म्हातारी होती, बावडीकडे बसलेली. ती काय काय विचारी आणि आपण उत्तर देवचा लागे. ह्येंका उत्तर सुचा नाय. मगे माका विचारीत, सुमन, हिका काय सांगू? मी भाजी चिरता चिरता सांगी. मगे एक लोहार इलो. मगे एक लंगडो शिपाय इलो, तो खोटारडो होतो, तां मीच ओळखलंय. अकरा म्हयने मी सांजची ह्येंच्या बाजूक बसलंय, भटजी. नुसत्या मारामारीत माका कोण विचारतलो? मी परत चुलीकडे आणि हे परत गप्प." तिने पायरीवरची फुलं सारखी केली. "अठ्ठावीस वर्सां टिपरात बाजूक बसाक गावला नाय. आता खय जागा गावली होती."

मला भरून आलं. त्याचबरोबर रागही आला, बाबलीचा, आदल्या दिवशीच्या पाकळीचा आणि कुठल्या तरी देशात बसून असले खेळ काढणाऱ्यांचा. कालचा कौल तिला सांगता येईना. देवासमोर एकाने विचारलेलं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हा नियम माझ्या आजोबांपासून चालत आलेला आहे. तिलाही उजवा मिळाला तर एकाच घरात दोन कौल, एकमेकांच्या उरावर बसलेले. माझ्या देवाचा शब्द मला सांभाळायचा होता.

म्हणून मी एक पाप केलं. उजवी पाकळी चांगली निथळेपर्यंत पाण्यात बुडवली, म्हणजे ती घट्ट चिकटेल आणि डावी आधी पडेल. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. पाण्याने ती पाकळी जड झाली आणि गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत सरळ खाली आली.

सुमनने हात जोडले आणि हसत घरी गेली. मी गाभाऱ्यातच बसून राहिलो. आता हा कौल देवाचा की माझ्या लबाडीचा, हे कोण सांगणार? पण बाई देवाचा म्हणून घेऊन गेली होती, तेव्हा तो खरा करून दाखवणं मला भाग होतं.

बुधवार माझा विचारात गेला. जेवताना मीठ दोनदा वाढून घेतलं. मग कधीतरी लक्षात आलं की बाबलीने मागितला कठीण, सुमनने मागितला माणसांचा. घरात पडलेल्या त्या दोन खेळांपैकी एकाचंही नाव दोघांनी देवापुढे घेतलं नव्हतं. म्हणजे असा तिसरा खेळ शोधायचा, ज्यात माणसं बोलतात आणि आपण मरतोही भरपूर.

गुरुवारी पूजा आटोपून मी धोतर सावरत स्कूटर काढली आणि गौरवीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. ती एका मोबाईलचं पोट उघडून बसली होती.

"भटमाम, रिचार्ज?"

"खेळ जाय," मी म्हटलं. "जातूंत मनीस शंबर फावट मरता आनी मदीं मदीं म्हाताऱ्यांकडेन उलयता." शंभरदा मरायचं आणि मधे मधे बोलायचं, असा खेळ मला हवा होता.

गौरवीने हातातला स्क्रू खाली ठेवला. "कोणाखातीर?"

"देवाखातीर."

ती चांगली मुलगी आहे, पुढे काही विचारलं नाही. मागच्या फळीवरून तिने एक डबी काढली. हा खेळ तीन गिऱ्हाइकांनी परत आणून दिला होता, कारण पहिल्या गावातून जिवंत बाहेर पडणं तिघांनाही जमलं नव्हतं. आणि माणसं? माणसं भरपूर, ती म्हणाली, बोलून बोलून डोकं खातात. मी असा कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. मी तिला तो तिथंच लावायला सांगितला. पहिल्याच फाटकावर एका म्हातारीने मला माझं कूळ विचारलं. मी खरं सांगितलं आणि तिच्या कुत्र्याने मला मारलं. तोवर मागे पाच माणसं जमली होती, त्यांतला एकजण म्हणाला, खोटं सांगायला हवं होतं. खेळ अगदी पाहिजे तसाच होता.

शुक्रवारी सकाळी मी बाबलीला देवळात बोलावलं, डबी केळीच्या पानात गुंडाळून वर फूल ठेवून दिली आणि म्हटलं, देवाने सांगितलेला कठीण तो हा. दुपारी सुमन तुळशीला पाणी घालत होती, तिला कुंपणावरून सांगितलं, देवाने सांगितलेला माणसांचा तो हा. दोन्ही वाक्यं खरी होती. मी घरी येऊन गाढ झोपलो.

शुक्रवारी संध्याकाळी त्या घरातून काही ऐकू आलं नाही. शनिवारीही नाही. घंटा वाजवताना मी कान देत होतो, आणि नको असलेलं ते "मेलंय" आता ऐकू येत नाही म्हणून माझा जीव खालीवर होत होता. रविवारी संध्याकाळी मला राहवलं नाही. मी त्यांच्या घरी गेलो.

बाबली सोप्यावर बसला होता, पूर्वीसारखा. सुमन आत भांडी घासत होती, तीही जरा जोरात. टीव्ही बंद.

"खेळ चलनाच नाय, भटजी," बाबली म्हणाला. "यंत्र तेका वाचीतच नाय. देवान शब्द फिरयलो."

"फिरवता कसो? माका उजवो दिल्यान हा," आतून सुमन म्हणाली, आणि मग तिचे घासणारे हात थांबले.

"तुका खयचो उजवो?" बाबली उठून उभा राहिला. "उजवो माका दिल्यान. सोमवारी."

"माका मंगळवारी."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी माझ्याकडे. इतकं टक लावून माझ्याकडे माझ्या लग्नातसुद्धा कोणी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, आधी ती डबीतली तबकडी दाखवा.

बाबली आत गेला आणि देवघरातून ताट घेऊन आला. प्रसाद म्हणून मिळालेली वस्तू ती, तेव्हा आंघोळ करून देवापुढे ठेवली होती. नमस्कार झाला होता, निरांजन ओवाळून झालं होतं. आणि सुमनने, चकाकणारी बाजू म्हणजे तोंड असं धरून, तिच्यावर हळद-कुंकवाची चांगली दोन बोटं ओढली होती. त्याच बाजूने यंत्र वाचतं हे मला गुरुवारी गौरवीकडून कळलेलं होतं. मी उपरण्याचं टोक भिजवलं, तबकडी पुसली, कोरडी केली आणि बाबलीच्या हातात दिली. माझं उपरणं अजून पिवळं आहे.

पडदा उजळला. सुमन पाटावर भाजी आणि विळी घेऊन बसली, पण थोडी लांब, दारापाशी. बाबलीने काय विचारलं होतं ते आता तिला कळलं होतं. त्यालाही तिचं कळलं होतं, आणि तो मान वर करीत नव्हता.

खेळाने आधी विचारलं, तू कोण? खाली पाच सोंगं उभी होती, शिपाई, चोर, तिरंदाज, वैद्य आणि गाडीवान. प्रत्येकाच्या अंगात बळ किती, ते ताऱ्यांनी दाखवलेलं. शिपायाला पाच तारे. गाडीवानाला एक. बाबली शिपायावर तीनदा गेला आणि तीनदा खाली आला. मग शेवटच्यावर येऊन थांबला.

"ह्यो कोण?" सुमनने लांबूनच विचारलं.

"गाडयेवालो. तेका तलवार नाय, निस्तो चाबूक. एकच तारो आसा. पयल्याच वळणार मरतलो."

"मराक तुमका आवडता मा? मगे ह्योच घ्या."

बाबलीने गाडीवान घेतला. पडद्यावर बैलगाडी आली, खाली तांबडा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी. रस्त्याच्या कडेला एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन चालत होती. तिने हात केला. गाडी थांबली आणि पडद्यावर प्रश्न आला, हिला शेजारी बसवायचं? उजवीकडे होय, डावीकडे नाही.

आमच्या देवळाची पद्धत त्या परदेशी लोकांना कोणी कळवली, मला माहीत नाही.

बाबलीचा अंगठा बटनावर थांबला. "सुमन," त्याने सवयीने विचारलं, "हिका काय सांगू?"

सुमनची विळी थांबली. बाबलीने माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघू लागलो, कारण हा प्रश्न माझ्या देवाच्या कक्षेतला नव्हता. बाबलीने उजवं बटन दाबलं आणि ती बाई गाडीत चढून त्याच्या शेजारी बसली.

गाडी निघाली आणि पहिल्या वळणावर दोन्ही बैलांसकट दरीत गेली.

"मेलाव," सुमन म्हणाली, म्हणजे आपण दोघं मेलो.

बाबली हसला नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, "धक्क्याच्या रस्त्यार असाच वळण आसा. थय तू पिशयो घेवन चलत दिसस. मी हॉर्न देय आणि फुडे जाय." त्याने हातातली बटनं मांडीवर ठेवली. "गाडी थांबवची होती, सुमन. नियम काय, कंपनी गेली, नियम गेलो. थांबवची होती."

सुमनने पाट उचलला आणि त्याच्या बाजूला आणून ठेवला. त्यावर बसून तिने विळी पुढ्यात घेतली. "आता थांबयलास मा," ती म्हणाली. "परत घ्या. आणि वळणार हॉर्न द्या."

"बैलगाडयेक हॉर्न खयचो?"

"तोंडान द्या."

गाडी परत निघाली. वळण जवळ आलं तसं बाबलीने छाती भरून श्वास घेतला आणि तोंडाने टिपराचा हॉर्न दिला, लांब, भरलेल्या गाडीचा. दोन वर्षांनी वाड्यावर तो आवाज झाला. गाडी वळण पार करून गेली. माझी आरतीची वेळ टळून गेली होती आणि मी अजून तिथंच बसलो होतो. तेवढ्यात गोकुळदास पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच्या मागे कांदा घेऊन त्याची बायको.